मुद्दाम चुकीचे उत्तर देऊन पाहा

प्राथमिक शाळेत स्क्रीन असावा की नसावा, या वादाला सध्या भलताच जोर चढला आहे. स्वीडनने २०२३ साली छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे बाजूला काढले, ही बातमी पालकांच्या गटांत फिरते. तिच्या पाठोपाठ कुठल्यातरी वाडीवरच्या शाळेत टॅब्लेट घेऊन रांगेत बसलेल्या मुलांचे छायाचित्र फिरते. एक पक्ष म्हणतो, डोळे गेले, अक्षर गेले, एका जागी बसणे गेले. दुसरा म्हणतो, शहरातल्या मुलाला मिळते ते वाडीवरच्याला का नको? दोघेही तावातावाने बोलतात ते काचेबद्दल. काचेमागे काय चालले आहे ते पाहायची तसदी कुणी घेत नाही. ‘शाळेत पुस्तके असावीत का?’ असे कुणी विचारले तर आपण आधी विचारू, ‘कोणती?’ मग ॲप आणि साइट म्हटले की हा साधा प्रश्न कुठे जातो?

माझे म्हणणे असे. पहिली ते पाचवीच्या वर्गात कोणती साइट उघडायची, कोणते सॉफ्टवेअर ठेवायचे, हे त्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकाने आपल्या मुलांवर पडताळून ठरवावे, आणि ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकारही त्यालाच असावा. शासनाने त्याआधी चाळणी लावावी: मराठी नीट आहे का, मुलांची माहिती कुठे जाते, नेट नसताना चालते का. मात्र चाळणीतून उतरलेले सगळे सगळ्यांनी वापरलेच पाहिजे, असे पत्र काढू नये. आज गंमत अशी आहे की चाळणी विरळ आणि पत्रे दाट. डाउनलोड किती झाले याचा तक्ता शाळांच्या एका गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांकडे संध्याकाळी पाचपर्यंत पोचवायचा असतो. मुलाला वजाबाकी आली का, याला त्या तक्त्यात रकाना नसतो.

वजाबाकीचेच उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. तिसरीतली बरीच मुले उत्तर काढतात ३५. ही चूक आंधळी नाही, तिच्यात रीत आहे: एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल लहान अंक मोठ्यातून काढते, ७ वजा २ बरोबर ५, मग दशकात ५ वजा २ बरोबर ३. दुसरे मूल दशक सुटा करते, पण वरचा ५ खोडून ४ करायला विसरते. त्याचेही उत्तर ३५ येते. तिसरे चिन्हच पाहत नाही, बेरीज करून ७९ लिहिते. आता बाजारातले एक नेहमीचे ‘गणिताचे खेळ’ ॲप उघडा. पडद्यावर चार पर्याय: २५, ३५, ७९, २४. मूल ३५ वर बोट ठेवते. लाल फुली येते, ‘अरेरे! पुन्हा प्रयत्न कर’ असा आवाज येतो आणि ३५ फिका पडतो. उरले तीन. मूल पुढच्यावर बोट ठेवते, मग त्याच्या पुढच्यावर. कधीतरी २५ सापडतो, टाळ्या वाजतात, तारा मिळतो. दहा मिनिटांत वीस गणिते ‘पूर्ण’. दशक सुटा करणे म्हणजे काय, हे मुलाला सकाळी जितके माहीत होते तितकेच आताही माहीत आहे. फक्त न वाचता बोट कुठे ठेवायचे, हे मात्र पक्के कळले.

चांगले सॉफ्टवेअर इथे काय करते? ३५ आले की ते थांबते. पाच दशकांचे दांडे आणि दोन सुटे पडद्यावर मांडते, सात सुटे बाजूला काढायला सांगते. सुटे दोनच आहेत हे मुलाच्या लक्षात येईपर्यंत वाट पाहते आणि मग एक दांडा मोडायची सोय देते. पुढचे उदाहरण मुद्दाम त्याच अडचणीचे देते आणि जमल्यावरच पुढे सरकते. म्हणून कुठल्याही ॲपची पहिली परीक्षा माझ्या मते एकच: मुद्दाम चुकीचे उत्तर देऊन पाहा. तीन वेगवेगळ्या तऱ्हेने चुका. तिन्हींना उत्तर एकच मिळाले, तर ते ॲप म्हणजे मागे उत्तरे छापलेली स्वाध्यायपुस्तिका आहे. तिची किंमत दहा रुपये. विक्रेत्याच्या सादरीकरणात हे कधी दिसत नाही, कारण तिथे उत्तरे विक्रेता देतो आणि ती सगळी बरोबर असतात.

दुसरी परीक्षा भाषेची. ‘मराठीत उपलब्ध’ ही पाटी फार फसवी आहे. पुष्कळदा हिंदी मजकूर यंत्राने मराठीत आणलेला असतो आणि आवाजही हिंदी वळणाचा. तो ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ म्हणतो, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च सारखाच उच्चारतो, ‘ळ’वर अडखळतो. मोठ्या माणसाला हे हसण्यावारी नेता येते. जे मूल कानाने अक्षर ओळखू पाहते आहे, त्याच्यासाठी तो चुकीचा धडा असतो. अक्षरांच्या वळणाचेही तेच. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली आहेत, पाठ्यपुस्तकात ‘ल’ आणि ‘श’ त्याच वळणाचे येतात. ॲपमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसली, तर फाँटमध्ये मराठी वळणे असूनही पडद्यावर हिंदी ‘ल’ उमटतो. दुरुस्ती ओळभर कोडची असते. पण कुणी बोट दाखवले तर ना! जोडाक्षरे पाय मोडून दिसतात का, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसतात का, एक लाख हा आकडा १,००,००० असा लिहिला आहे की १००,००० असा, आवाजातले ‘एकोणसाठ’ आणि पडद्यावरचा आकडा जुळतात का, हे तपासायला पाव तास पुरतो.

आणि हा पाव तास कुणी द्यायचा, हा प्रश्न मराठी शाळांना नवा नाही. एकोणिसाव्या शतकात छापील क्रमिक पुस्तके आली, तेव्हा मेजर थॉमस कँडी यांनी त्यांची मराठी तपासण्यात उभी हयात घालवली. त्यांच्या मराठीवर इंग्रजी वळणाचा आरोप झाला, तो बराचसा खराही होता. मुद्दा असा की मुलांच्या हाती जाणारा मजकूर आधी कुणीतरी जबाबदारीने वाचायचा असतो, हे तेव्हाच्या कंपनी सरकारलाही मान्य होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’साठी ‘वीस तीन’ असे वाचन आले, तर ते प्रकरण विधिमंडळापर्यंत गाजले. पुस्तकातल्या एका पानाबद्दल एवढी जागरूकता असलेला समाज, त्याच मुलाच्या हातातल्या ॲपमध्ये काय बोलले जाते याबद्दल गप्प कसा बसतो?

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. ते हलके नाही.

सर्वात वजनदार मुद्दा हा की चांगल्या सॉफ्टवेअरने मुले खरोखर शिकतात, याचे भक्कम पुरावे आहेत. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’वर झालेल्या अभ्यासात सोडतीने निवडलेली मुले साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. हे सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता पाहत नाही, स्तर पाहते. सहावीतल्या मुलाला तिसरीचे गणित येत नसेल तर तिथून सुरुवात करते. एका वर्गात तीन स्तरांची मुले घेऊन बसलेल्या शिक्षकाला हे एकट्याने जमणे अवघड, हे मान्यच केले पाहिजे. त्याआधी बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले, तिथेही गणित ठळकपणे सुधारले.

पण हे अभ्यास पुराव्यादाखल फडकावणाऱ्यांनी ते पुरते वाचावेत. दिल्लीची ती केंद्रे शाळा सुटल्यावरची होती. मूल तिथे दीड तास असे, त्यातला निम्मा वेळ सॉफ्टवेअर आणि निम्मा वेळ लहान गटात माणूस शिकवी. बडोद्याची गोष्ट तर आणखी बोलकी. गुजरात सरकारने २००० साली तिथल्या १०० शाळांना प्रत्येकी चार संगणक देऊन ठेवले होते. दोन वर्षांनी पाहणी झाली, तर त्यातले फार थोडे वापरात होते. फरक पडला तो गुजरातीत, त्या अभ्यासक्रमाला धरून केलेले खेळ आले आणि मुलांना वाट दाखवायला माणसे आली तेव्हा. आणि उपक्रम थांबल्यावर वर्षभराने मोजले, तर मिळवलेले बरेचसे ओसरले होते. गुजरातमध्येच ‘ग्यानशाला’च्या वर्गांतला तिसरा प्रयोग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. तिथे शिक्षिकेच्या तासातला वेळ काढून तो संगणकाला दिला, तेव्हा मुले मागे पडली; शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याला जोड म्हणून तेच सॉफ्टवेअर दिले, तेव्हा पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच, संगणक तेच. मग गुण कुणाचा? जिथे चांगले शिकवणे चालू आहे तिथे स्क्रीनने वेळ खाल्ला, जिथे रिकामा वेळ होता तिथे त्याने तो भरला. कुठे रिकामा वेळ आहे, हे मंत्रालयातून दिसत नाही, वर्गातूनच दिसते.

आपल्याकडे असा वेळ आहे, आणि तो द्विशिक्षकी शाळेत आहे. एका शिक्षकाकडे तिसरी आणि चौथी असते. तिसरीला शिकवताना चौथी काहीतरी ‘लिहीत’ बसते. समजा दोन्ही मिळून पट २८, टॅब्लेट चार. दोघांत एक दिला तर एका वेळी आठ मुले, म्हणजे चार पाळ्या. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सगळा वर्ग टॅब्लेटवर घ्यायचा म्हटले, तर पाळी बदलण्याचा वेळ वजा जाता एका पाळीला जेमतेम सात मिनिटे येतात. त्यात ॲपने मोबाइल क्रमांक मागितला, ओटीपी गुरुजींच्या फोनवर गेला आणि फोन रेंजसाठी खिडकीत ठेवलेला असला, तर सातातली चार तिथेच गेली. म्हणून ‘टॅब्लेटची तासिका’ ही कल्पनाच टाकून द्यावी. टॅब्लेट हा वर्गातला एक कोपरा असावा, शब्दपट्ट्यांच्या आणि गणकमाळांच्या शेजारचा. आठ मुले तिथे वीस मिनिटे आणि बाकीची गुरुजींसमोर. पण त्या कोपऱ्यात चालणारे सॉफ्टवेअर कसे हवे? सूचना ऐकू येणारे, कारण वाचता येत नसलेलेच मूल तिथे आधी जाणार. खाते न मागणारे. मध्येच टॅब्लेट दुसऱ्याच्या हाती गेला तर न रुसणारे. दर तीन मिनिटांनी ‘बाई, हे काय आलंय?’ असे म्हणत मूल उठून येत असेल, तर ते सॉफ्टवेअर घरी एकट्या मुलासाठी चांगले असेलही, या वर्गासाठी नाही.

नेटचे तर बोलायलाच नको. पाच मिनिटांच्या साध्या व्हिडिओला तीस-चाळीस एमबी सहज लागतात, आणि वाडीवर ‘शाळेचे नेट’ म्हणजे बहुधा गुरुजींच्या खिशातला हॉटस्पॉट. पुस्तकातला क्यूआर कोड ही सुंदर कल्पना. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ती आधी वर्गात वापरून दाखवली, मग ती राज्याच्या पुस्तकांत आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण कोड स्कॅन केल्यावर गोल चक्र फिरत राहिले तर मुलांना तेवढे चक्रच दिसते. त्यामुळे तिसरी परीक्षा: विमान-मोड चालू करा आणि मग ॲप उघडा. ‘जीकॉम्प्री’ हा लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संच उघडतो. ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत बालगोष्टींच्या साइटवरच्या मराठी गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर पीडीएफ म्हणून कुठेही वाचता येतात, छापताही येतात. जिथे कुणी थोडे तांत्रिक हाताचे आहे, तिथे जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर ‘कोलिब्री’ हे नेटशिवाय धडे पुरवणारे सॉफ्टवेअर बसवून साध्या वायफाय राउटरवरून वर्गातल्या टॅब्लेटना सगळे पुरवता येते, बाहेरचे नेट अजिबात न वापरता. यात सतावणारी एक गोष्ट: वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड खराब होऊ शकते. म्हणून त्याच्या कार्डाची एक तयार प्रत कपाटात आणि त्या संगणकाला एक पॉवर बँक, एवढे आधीच करून ठेवावे.

दुसरा आक्षेप समानतेचा: शिक्षकावर सोडले तर हुशार शिक्षकाची शाळा पुढे जाईल, बाकीच्या मागे राहतील, वरून एकच ठरवले तर सर्वांना सारखे. वरवर पाहता हे पटते. पण सारखे म्हणजे काय सारखे? धडगावच्या भिली बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या आणि कोथरूडच्या मुलाला एकच वाचन-तपासणी ॲप दिले, की ते ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मिनिटाला किती शब्द चुकले ते ठणकावून सांगते. ते मूल शब्द वाचते आहे, अर्थही त्याला कळतो आहे. फक्त त्याच्या घरात ‘ण’ नाही. शिक्षिका हे ऐकून पुढे जाते, यंत्र लाल रेघ मारते. ही समानता कुणाच्या सोयीची?

तिसरा आक्षेप थेट शिक्षकांवर येतो: त्यांना निवडता येईल का? यू-डायसवर शाळेची माहिती भरणे, पोषण आहार, बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे काम, यातून वेळ कुठे? यातला दुसरा भाग पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच मी प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक ॲप तपासावे असे म्हणत नाही. शाळांच्या एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात आणि त्यांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. तिच्यातला अर्धा तास द्या. एक अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला यायला हवी अशी एक गोष्ट, आणि एक ॲप. दोन शिक्षकांनी ते आधी आपापल्या वर्गात तीन आठवडे चालवलेले असावे: सुरुवातीला पाच गणिते पाटीवर, शेवटी तशीच पाच पाटीवर. ॲपच्या आतले गुण मोजायचे नाहीत. पाटीवर उतरले तेवढेच शिकले. ‘शिक्षकांना जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना एकच विचारायचे आहे: टॅब्लेटच्या निविदेत रॅम किती आणि पडदा किती इंचाचा हे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ५२ वजा २७ शिकवले आहे?

एकदा निवडले म्हणजे कायमचे, हाही भ्रम नको. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालानुसार शिक्षण-तंत्रज्ञानातली उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. आपल्याला हे अहवालातून कळायची गरज नव्हती. लोकवर्गणी काढून शाळांनी ई-लर्निंगचे संच घेतले; त्यातल्या पुष्कळ सीडींमधले धडे फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, नंतरच्या जानेवारीत तो बंदच पडला, आणि ब्राउझरमध्ये उघडणारे असे धडे एका तारखेला मुके झाले. त्याआधी पुण्याची बालचित्रवाणी. १९८४ साली ती सुरू झाली, मराठी मुलांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम केले, आणि २०१७ साली बंद केली गेली. तिचे कार्यक्रम पहिल्याच दिवशी सर्वांना मोकळे, उतरवून घेण्याजोगे, कुठल्याही यंत्रावर चालणारे करून ठेवण्याची सोय असती, तर आज कुठल्या कंपनीकडे हात पसरावे लागले असते? सरकारने पैसा घालायचाच तर इथे घालावा: खुल्या परवान्याच्या, मराठीत जन्मलेल्या सामग्रीवर. वापर-परवाना विकत घेतला की तीन वर्षांनी तो संपतो.

मुलांच्या माहितीबद्दल मात्र मी शिक्षकावर काही सोडायला तयार नाही. ते काम सरकारचेच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल धरले आहे, पालकांची पडताळणीयोग्य संमती मागितली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. पण सरकारी ठसा म्हणजे सुरक्षितता, असे समजण्याचे कारण नाही. खुद्द ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवरची सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती उघड्या सर्व्हरवर पडून असल्याचे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आले. पाढे शिकवणारे ॲप ठावठिकाणा आणि संपर्कयादी मागत असेल, तर कारण विचारत बसू नये, काढून टाकावे.

काढून टाकण्यावरून आठवले. शाळेत आलेला टॅब्लेट जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढतो. तो फुटला, बॅटरी फुगली, तरी निर्लेखनाची, म्हणजे वहीतून नाव कमी करण्याची, मंजुरी येईपर्यंत कपाटात जपावा लागतो. अशा मेलेल्या वस्तूंनी भरलेली कपाटे कोणत्याही तालुक्यात पाहायला मिळतील. ॲपची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही. ते आले कधी, कुणी सांगितले म्हणून, कोणत्या मुलांवर पडताळले, का ठेवले, का काढले, हे लिहायला जागाच नाही. शंभर पानी वही चाळीस रुपयांना मिळते, शाळेच्या किरकोळ खर्चाच्या सादिल निधीत सहज बसते. तिच्यात पाच रकाने आखा, आणि ‘का काढले’ हा रकाना जरा रुंद ठेवा. ॲप काढायला निर्लेखनाची मंजुरी लागत नाही.